जांबोटीचा फिल्टर

जांबोटीच्या पेशी तिसऱ्यांदा मेल्या तेव्हा प्रियदर्शनी मॅडमनी प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि साऱ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मैत्री, हे हवेचं काम नाही. हे हाताचं काम आहे.”

मैत्री सिंकपाशी उभी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या समर्थनं, मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या पोरानं, मान वर केली आणि लगेच खाली घातली.

“मी बोलतेय तुझ्याशी.”

“ऐकते मी. पण हात निपाणीच्या रांगेलाही माझाच होता. कोऱ्या फिल्टरच्या रांगेलाही माझाच. त्या पेशी बऱ्या जगल्या.”

“म्हणूनच तर विचारतेय,” मॅडम म्हणाल्या. “फक्त माझ्याच गावच्या पेशी कशा मरतात?”

बेळगावातल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची ही लॅब. काम असं, की हवा ओढणारं यंत्र एखाद्या छतावर ठेवायचं, त्यातल्या गोल पांढऱ्या फिल्टरवर आठवडाभर धूळधूर बसू द्यायचा, मग तो धुऊन काढून माणसाच्या फुप्फुसाच्या जिवंत पेशींना पाजायचा. पेशी प्लास्टिकच्या प्लेटमधल्या शहाण्णव खळग्यांत, गुलाबी पाण्यात वाढतात. एक दिवस त्यांना तो धूर पचवू द्यायचा आणि वरून पिवळं औषध घालायचं. जिवंत पेशी पिवळ्याचं जांभळं करते, मेलेली करत नाही. चार तासांनी जितकं जांभळं दिसेल तितक्या पेशी जगल्या. कुठल्या गावची हवा किती विषारी, हे त्यावरून कळतं.

पेशी जगवणं हे मात्र तान्हं पोर सांभाळण्यासारखं. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, एक दिवसाआड नवं पाणी लागतं, रविवार-सण त्यांना कळत नाहीत. एक शिंक, एक उघडं राहिलेलं झाकण, आणि सगळी प्लेट बुरशीनं भरते. मैत्रीनं हे काम नऊ वर्षं केलं होतं. तिची आई तानीबाई निपाणीत आधी विड्या वळायची, नंतर वखारीत तंबाखू चाळायची. बाप नव्हताच. बी.एस्सी. होईस्तवर मैत्रीनं स्वतः सुट्टीत विड्या वळल्या होत्या. हाताला सवय होती तीच पिपेट धरताना कामी आली, असं ती कधी कुणाला बोलली नव्हती.

या प्रकल्पात दोन जागा होत्या. एक निपाणीतली तंबाखूच्या वखारींची गल्ली, म्हणजे घाण हवा. दुसरी खानापूर तालुक्यातली जांबोटी, म्हणजे ताडून बघायला स्वच्छ हवा. जांबोटी हे मॅडमचं माहेर. डोंगर, झाडी, भाताची खाचरं. याहून निर्मळ हवा कुठं मिळणार म्हणून दसऱ्याला त्यांनी यंत्र आपल्याच घराच्या गोठ्यावरच्या स्लॅबवर बसवलं. त्यांचा धाकटा भाऊ भावकू दर सोमवारी फिल्टर काढून डबीत घालून कणकुंबीकडून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा, आणि मैत्री बेळगावच्या स्टँडवर ती डबी घ्यायची. निपाणीचा फिल्टर तपकिरी यायचा, जांबोटीचा दिसायला जवळजवळ कोरा. पुरेशी धूळ जमायला तिथले तीन-चार एकत्र धुवावे लागत. पेशींना मात्र दोन्हीकडची धूळ तोलून सारखीच मिळायची. मॅडम बोलताना नेहमी ‘तुमची निपाणी’ आणि ‘आमची जांबोटी’ म्हणायच्या.

पहिल्या दोन महिन्यांचे जांबोटीचे फिल्टर साळसूद निघाले. पेशी मजेत जगल्या. डिसेंबरपासूनचे मात्र तीन वेळा धुऊन बघितले आणि तिन्ही वेळा रांग पिवळीच्या पिवळी. निपाणीच्या तंबाखूला जे जमलं नव्हतं, ते जांबोटीच्या हवेनं केलं होतं.

आणि डिसेंबरातच दोघींचं बिनसलं होतं. धारवाडच्या परिषदेत लावलेल्या पोस्टरवर चार नावं होती, मैत्रीचं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मॅडम हसून म्हणाल्या, “टेक्निशियनचं नाव कुठं घालतात गं?” मैत्री म्हणाली, “पेशी वाढवायच्या वेळी मी कोण असते?” तेव्हापासून दोघींत कामापुरतं बोलणं उरलं होतं, आणि तेही चिरक्या आवाजात.

आता मॅडमनी प्लेट टेबलावर ठेवली. “हातमोजे वेळेवर बदलत नसशील. स्पिरिट मारत नसशील. स्वच्छतेची सवय लहानपणीच लागावी लागते, मोठेपणी शिकवून येत नाही.”

त्या वाक्याचा अर्थ मैत्रीला कळला, समर्थलाही कळला. मैत्रीनं हात पुसले आणि ती टेबलापाशी आली.

“मॅडम, पुढची प्लेट तुम्ही करा.”

“काय?”

“तुमच्या हातानं करा. नवीन पेशी काढा, मी इनक्युबेटरला हात लावत नाही. समर्थ नळ्यांवर फक्त नंबर घालेल. कुठली नळी कुठल्या गावची ते कागदावर लिहून कागद कपाटात बंद. तुम्हालाही माहीत नको, मलाही नको. मग बघू हात कुणाचा आहे.”

पंधरा वर्षांत मॅडमना असं कुणी बोललं नव्हतं. त्या लालबुंद झाल्या, पण समर्थसमोर नाही म्हणणं त्यांना जड गेलं. “करते,” त्या म्हणाल्या. “आणि चुकलीस तर तुझं तू बघ.”

नव्या पेशी वाढायला आठवडा गेला. तेवढे दिवस मैत्री स्टोअरचं सामान मोजत बसली. मॅडम सकाळ-संध्याकाळ स्वतः पेशींचं पाणी बदलत. त्यांचा हात बसलेला नव्हता, पहिल्या दिवशी त्यांनी अर्ध्या पेशी सांडल्या. मैत्री दारातून बघत होती. ‘बाटली अजून तिरकी धरा’ एवढं सांगितलं असतं तर सांडल्या नसत्या. ती बोलली नाही, आणि आपण बोललो नाही याचं तिला बरं वाटलं.

गुरुवारी मॅडमनी एक ते सहा नंबरच्या नळ्या पेशींवर घातल्या. शुक्रवारी पिवळं औषध घातलं. दुपारी तीन वाजता तिघंही प्लेटभोवती उभे राहिले. चार रांगा जांभळ्या झाल्या होत्या, कुठं गडद, कुठं फिकट. तीन आणि पाच नंबरची रांग पिवळी होती.

“कागद काढ,” मॅडम म्हणाल्या.

समर्थनं कपाट उघडलं, घडी उलगडली. तो वाचू लागला. “तीन नंबर, जांबोटी, डिसेंबर. पाच नंबर, जांबोटी, जानेवारी. जांबोटी ऑक्टोबर एक नंबरला आहे, ती जिवंत आहे.”

मैत्रीला वाटलं, आता तरी त्या काहीतरी बोलतील. माफी नको, पण निदान ‘बरं’ एवढं तरी. मॅडमनी प्लेट पुन्हा उजेडात तिरकी धरली. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातात काही खोट नाही. फिल्टर इथं येण्याआधीच बिघडवलाय. भावकू डबी बंद करून देतो. स्टँडपासून इथपर्यंत ती कुणाच्या पिशवीत असते?”

आतापर्यंत निष्काळजीपणा होता, आता घातपात झाला. “मी फिल्टरवर विष घातलं म्हणता?”

“पोस्टरवर नाव नव्हतं म्हणून डिसेंबरातच तुझं डोकं फिरलं होतं. पेशीही डिसेंबरपासूनच मरतात. मी काही म्हणत नाही, तारखा म्हणतात.”

शनिवारी सकाळी मैत्रीच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. नमुन्यांशी छेडछाड केल्याचा संशय, सात दिवसांत लेखी खुलासा, नपेक्षा मार्चनंतर करार वाढवला जाणार नाही. खाली मॅडमची सही होती. शाई अजून ओली होती.

संध्याकाळी तिनं आईला फोन लावला. सगळं ऐकून तानीबाई आधी खोकली. तीस वर्षांचा तंबाखूचा खकाणा तिच्या छातीत घर करून होता.

“आन तू काय केलीस मग?”

“काय करू? खुलासा लिहितोय.”

“कागुद लिवून काय हुतंय? त्यांच्या कागदाला तुजा कागुद पुरतोय व्हय?” तानीबाई म्हणाली. “वखारीत मालक म्हनायचा, तंबाखू तुमीच भिजीवलासा. आमी बायका उठून थेट पत्र्यावर चढायचो आन भोक दाखवायचो, ह्ये बग, हितनं गळतंय म्हून. तू चढलीस का पत्र्यावर?”

“गेलोच न्हाय मी तितं कधी.”

“मग जा की.”

रविवारी सकाळच्या बसनं मैत्री निघाली. जांबोटीच्या अलीकडेच झाडी दाट झाली, खिडकीतून थंड वारा आला आणि तिला वाटलं, इथली हवा खरंच चांगली असेल, तर काय तोंड घेऊन परत जायचं? स्टॉपवर एकाला विचारून ती पायवाटेनं चालू लागली. घर गावाबाहेर, उताराच्या तोंडाशी होतं. शंभर पावलं राहिली असतील तेव्हा तिच्या घशात धुराची खाट बसली. मिरच्या जाळल्यासारखी, पण तेलकट. डोळ्यांना पाणी आलं.

अंगणात मॅडमची भावजय धान्य निवडत होती. “कोन पायजे?”

“लॅबमधून आलेय, बेळगावहून. यंत्र बघायचं आहे.”

“आक्कानं धाडलंय?”

मैत्रीनं मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. भावजयीनं गोठ्याच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं आणि ती पुन्हा सुपात बघू लागली.

वर यंत्र नीट चालू होतं. मैत्रीनं त्याच्या टोपणावरून बोट फिरवलं. बोट काळं आणि चिकट झालं; फिल्टर दर सोमवारी बदलला जायचा, टोपण कुणी कधी पुसलंच नव्हतं. स्लॅबच्या कडेला जाऊन तिनं खाली बघितलं. घराच्या पाठीमागं, उताराच्या खोलगटीत, लांबलचक पत्र्याचं नवं शेड होतं. शेडचं धुराडं गोठ्याच्या स्लॅबपेक्षाही बुटकं होतं, आणि त्यातून पिवळट काळा धूर निघून वर न जाता खोलगटीतच लोळत होता. सकाळच्या बिनवाऱ्याच्या वेळी तो हळूहळू चढून सरळ यंत्राच्या तोंडाशी येत होता. शेडबाहेर काजूच्या टरफलांचा माणसाच्या उंचीचा ढीग होता, आणि एक गडी फावड्यानं तीच टरफलं भट्टीत लोटत होता.

मैत्रीनं मोबाईल काढून फोटो घेतले. मग खाली उतरून ती शेडच्या दारापर्यंत गेली.

दारावर उन्हानं विटलेलं फ्लेक्स होतं. ‘काजू प्रक्रिया केंद्राचे उद्घाटन, दि. १९ नोव्हेंबर.’ भावकूचा हात जोडलेला फोटो, आणि त्याच्यावर, गळ्यातल्या हारासकट, त्याच्या दुप्पट मोठा फोटो: ‘शुभहस्ते डॉ. प्रियदर्शनीताई.’

मैत्री त्या फोटोकडे बघत उभी राहिली. इतक्या दिवसांचा राग एकदम गार झाला आणि मग दुप्पट तापला. तिनं त्याचाही फोटो घेतला.

आत चौदा-पंधरा बायका ओळीनं बसून काजू फोडत होत्या. दाराजवळची, चाळिशीची बाई खोकत उठली. तिच्या हातांची कातडी तेलानं जळून काळी पडली होती, बोटांवर भेगा होत्या.

“आक्का, ही भट्टी कधीपासून पेटते?” मैत्रीनं विचारलं.

“दिवाळीच्या मागनं. पंध्रा-ईस दीस झालं असतील, मग पेटली.” बाईनं तिच्या हातातला मोबाईल बघितला आणि तिचा चेहरा बदलला. “फोटू का काडतीस? कोन तू?”

“धुरानं काय होतं ते तपासतो आम्ही.”

“कशापायी? बंद पाडाय?”

“तुम्हाला खोकला नाही का या धुराचा?”

“हाय की. मग? जांबोटीत दुसरं काम कुटं हाय? तू देतीस?” बाई दारात आडवी उभी राहिली. आत वळून ओरडली, “मालक, ही बाई बगा काय करती!”

भावकू धावतच आला. उंच, दणकट गडी, बहिणीसारखंच कपाळ. त्यानं आधी मोबाईल हिसकायला हात घातला. मैत्रीनं तो पाठीमागं धरला.

“कुनाला इचारून आत आलीस?”

“यंत्र आमचं आहे.”

“यंत्र माज्या आक्काचं हाय, छत माजं हाय! तू निपाणीची न्हवं? आक्कानं सांगितलंय तुजं. फिल्टरात घाण घालतीस ती तूच.”

“घाण इथनंच येते,” मैत्री म्हणाली आणि काळं बोट त्याच्यासमोर धरलं. “ही बघा.”

भावकूनं ते बोट बघितलं नाही. तो पायऱ्या चढून वर गेला, वायर उपटली, झाकण काढून आतला फिल्टर मुठीत चुरगाळला आणि खाली शेणात भिरकावला. यंत्र दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि तिच्या पायांपाशी आपटलं. “घे तुजं मशीन. आन परत ह्या अंगणात दिसलीस तर बाईमाणूस म्हून बगणार न्हाय.”

बारा किलोचं ते यंत्र मैत्रीनं कमरेवर घेतलं. स्टॉपपर्यंत तीनदा टेकवावं लागलं. मागं कुणी आलं नाही. कुणी ओझ्याला हात लावला नाही.

सोमवारी ती लॅबमध्ये पोचली तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या.

“माझ्या घरात चोरासारखी शिरलीस? माझ्या भावजयीला खोटं सांगितलंस?”

मैत्रीनं यंत्र टेबलावर ठेवलं. त्याचं टोपण फुटलं होतं. मग मोबाईल उघडून त्याच्या शेजारी ठेवला. आधी धुराडं, मग टरफलं, मग फ्लेक्स.

“तारीख वाचा, मॅडम. तारखा म्हणतात, असं तुम्हीच म्हणाला होता.”

मॅडमनी मोबाईल उचलला. फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो त्यांनी मोठा करून बघितला, का ते कुणास ठाऊक. समर्थ उठून बाहेर जायला निघाला. “बस तू,” मैत्री त्याला म्हणाली. तो बसला.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मैत्री म्हणाली.

“मी नारळ फोडला तेव्हा भट्टी पेटली नव्हती. बॉयलरला हळद-कुंकू लावलं आणि परत आले. त्यानंतर गेलेच नाही.” मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “माझ्या डोक्यातच आलं नाही. जांबोटी म्हणजे...” त्या थांबल्या.

“जांबोटीत विष असेल हे डोक्यात आलं नाही. माझ्या पिशवीत असेल हे मात्र लगेच आलं.”

“उगीच त्याला वेगळा रंग देऊ नकोस.”

“‘स्वच्छतेची सवय लहानपणीच लागावी लागते.’ हे कुणाला म्हणालात? समर्थला म्हटलं असतं?”

“मी असं म्हटलं?” मॅडमनी समर्थकडे बघितलं. समर्थनं मान डोलावली. मॅडमच्या चेहऱ्यावर खरोखरच काही आठवल्याची खूण नव्हती. मैत्रीला त्या वाक्याइतकंच, किंवा त्याहून जास्त, हे लागलं. दहा दिवस तिनं जे वाक्य मनात घोळवलं, ते बोलणारीच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

“ते फोटो डिलीट कर,” मॅडम म्हणाल्या. “भावाचं घर आहे माझ्या. मी बघते काय करायचं ते.”

“करत नाही.”

“मैत्री, डिलीट कर.”

“नोटीस लेखी दिलीत, खुलासाही लेखी येईल. फोटो त्याला जोडणार आहे.”

मॅडम केबिनमध्ये गेल्या आणि दार इतक्या जोरात लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. ते कुणी उचललं नाही.

त्याच शुक्रवारी प्रकल्पाची तपासणी करायला बंगळूरहून समिती येणार होती. मॅडम जांबोटीची माहितीच गाळणार, याबद्दल मैत्रीला शंका नव्हती. यंत्र बिघडलं म्हणून सांगतील, दुसरी जागा घेतो म्हणतील, आणि विषय संपेल. तिनं खुलासा चार प्रतींत लिहिला. एक प्रत पर्समध्ये ठेवली. गाळलं तर भर बैठकीत उठून द्यायची. रोज घरून निघताना ती पर्स तपासायची.

बैठकीत मैत्रीला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. मॅडमनी निपाणीचे आकडे दाखवले. मग जांबोटीचे. आलेखात ऑक्टोबर-नोव्हेंबरचे जांभळे खांब, डिसेंबरपासूनचे जमिनीला टेकलेले. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कन्नडमध्ये विचारलं, ही तर तुमची स्वच्छ जागा होती ना?

“होती,” मॅडमनी कन्नडमध्येच उत्तर दिलं. “यंत्राला लागून काजूचं शेड झालं. टरफलं जाळतात. त्याचा धूर वजनाला थोडा, पण आमच्या चाचणीत तंबाखूच्या धुळीपेक्षा जास्त पेशी मारतो. शेड माझ्या भावाचं आहे. जागा मी निवडली होती. चूक माझी.”

खोलीत कुजबुज झाली. मैत्रीचा हात पर्सच्या चेनवर होता, तो तिथंच राहिला.

“हे कुणी शोधलं?” त्या गृहस्थांनी विचारलं.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. “आमच्या टेक्निशियननं. मैत्री.” त्यांनी मागं बघितलं नाही. नाव असं घेतलं, जसं दाढेत अडकलेलं काहीतरी काढून टाकावं.

सोमवारी नोटीस मागं घेतल्याचं पत्र आलं. एक ओळ होती, खेदाचा शब्द नव्हता. समितीनं शेऱ्यात मैत्रीचं नाव लिहिल्यामुळं करारही वाढला. आठवड्याभरानं मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ‘बस’ म्हणाल्या नाहीत.

“अहवाल सरकारी खात्याकडं गेला. काल शेडला कुलूप लागलं, धुराडं उंच करून धूर गाळायची सोय होईस्तवर. भावकूनं मला सांगितलंय, आईच्या मातीला आलीस तरी उंबऱ्याच्या आत येऊ नको म्हणून.” त्यांचे डोळे सुजले होते. “समाधान झालं?”

या बाईनं भर सभेत भावाचं नाव घेतलं होतं; गाळता येत असताना गाळलं नव्हतं. हे सांगावं, असं मैत्रीला वाटलं.

“तुम्ही खरं सांगितलंत ते...”

“तुझ्यासाठी नाही सांगितलं,” मॅडम तिला तोडून म्हणाल्या. “आकडे होते म्हणून सांगितलं. तुझं तोंड मला आयुष्यभर बघावंसं वाटणार नाही. पण पेशी तुझ्याशिवाय जगत नाहीत, हे मी आठवडाभर करून बघितलंय. जा, कामाला लाग.”

मैत्री कामाला लागली. त्या दिवसापासून दोघी एकाच खोलीत, आठ हातांच्या अंतरावर, एकमेकींशी न बोलता काम करत. जे सांगायचं ते समर्थच्या तोंडून.

एप्रिलच्या सुरुवातीला निपाणीहून येणारी डबी घ्यायला मैत्री स्टँडवर गेली होती. पेशींना पिवळं औषध घालून ती निघाली होती, हातात चार तास होते. चंदगडच्या फलाटावर बोचकी घेऊन पाच-सहा बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीचे हात तिनं आधी ओळखले, चेहरा मागून. शेडच्या दारात आडवी उभी राहिलेली बाई.

मैत्री तिच्याजवळ गेली. “आक्का, मला ओळखलंत?”

“वळकून काय करू?” बाई म्हणाली. शेजारणीनं विचारलं, “कोन गं नागूबाई?” तेव्हा नागूबाई मोठ्यानं म्हणाली, “हीच की ती. हिच्यापायी शेड गेलं.”

सगळ्या बायकांनी मैत्रीकडे बघितलं.

“धुराडं उंच केलं की शेड परत सुरू होईल,” मैत्री म्हणाली. “तसं लिहिलंय अहवालात.”

“कधी? भावकू म्हनतोय, मला न्हाय परवडत, भाताचं गोदाम करतो. आमी चौदा बायका घरात बसलो दीड महिना. तुज्या त्या पेशी का काय त्या मेल्या म्हून एवढा दंगा केलीस. आमची हातं दिसली न्हायती व्हय तुला?” तिनं दोन्ही तळवे मैत्रीच्या तोंडासमोर धरले. भेगा तशाच होत्या, मधल्या दोन नव्या, ओल्या. “तपास की ह्ये बी. हेला मशीन लावलीस?”

अहवालात धुरावर अकरा पानं होती. हातांवर एक ओळ नव्हती.

“नाही लावली,” ती म्हणाली. “चुकलं. पण आता कुठं निघालात?”

“दुसऱ्या शेडला. चंदगडाकडं. तितं ऱ्हायाला बी खोली देत्यात.”

“तिथंही टरफलंच जाळतात?”

“मग काय चंदन जाळतील?”

“कुठल्या गावात आहे शेड? आक्का, मी बंद पाडायला विचारत नाही. हातांचंही बघता येईल, औषधाचं, मोज्यांचं. गाव सांगा.”

बस लागली. बायका बोचकी उचलून दाराशी गर्दी करू लागल्या. नागूबाईनं आपलं बोचकं डोक्यावर घेतलं, एका हातानं दांडी धरली आणि पायरीवरून वळून मैत्रीकडे बघितलं.

“मागं बी तू असंच गोड बोललीस,” ती म्हणाली. “न्हाय सांगत, जा.”

कंडक्टरनं दार ओढलं. मैत्रीनं बसची पाटी वाचली. त्यावर नुसतं चंदगड लिहिलं होतं, आणि त्या वाटेवर काजूची शेडं चाळीस तरी असतील. बस वळून बाहेर पडेपर्यंत ती उभी राहिली. मग निपाणीच्या ड्रायव्हरकडून डबी घेतली, पिशवीत घातली आणि लॅबकडे चालू लागली. पेशींचे चार तास भरत आले होते.